मनगटाची चुंबळ

डोंगर पोखरून उंदीर काढला असं आपण म्हणतो ना, ते अण्णासाहेब ओव्हाळांच्या बाबतीत अक्षराला अक्षर खरं झालं. उमेदीची सगळी वर्षं माणसानं प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबण्यात घालवली, दोघांना न हलणारी लोखंडी साच्याची डाय पहारीनं एकट्यानं सरकवली, आणि नोकरीच्या शेवटाला हाती काय आलं? तर कॉम्प्युटरचा उंदीर! बरं, आला तर आला. पण त्या मुठीएवढ्या जिवानं अण्णासाहेबांच्या हाताचे असे हाल केले, की तेवढे इतक्या वर्षांत लोखंडानंही केले नव्हते.

आता हा हात म्हणजे काय चीज होती, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. तळवा पाटासारखा आणि बोटं अशी, की लग्नात सासरच्यांनी हौसेनं केलेली अंगठी करंगळीच्याही पेरावर अडली. ती आजतागायत डब्यात आहे. मेहुण्याच्या साखरपुड्यात टाळ्या वाजवायची वेळ आली, तेव्हा अण्णासाहेबांनी दोनच टाळ्या दिल्या, तर शेजारी डुलकी घेत बसलेला म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मांडवाचा खांब मोडला!

आणि नावाचीही गंमतच. तरुणपणी पिंपरीच्या वर्कशॉपात पहिल्यांदा कामाला गेले, तेव्हा फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "नाव?"

"अण्णासाहेब."

"कुठल्या साहेबाला भेटायचंय ते मागनं सांगा. आधी तुमचं नाव सांगा."

"माझंच नाव अण्णासाहेब हाय."

वॉचमननं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पायात टायरच्या चपला, हातात पिशवीत गुंडाळलेला डबा. "बरं," तो म्हणाला, "जा साहेब आत. झाडू डाव्या बाजूला हाय."

असा हा साहेब. खुर्चीवर बसून काम करायचा योग मात्र पन्नाशी कधीच मागं पडल्यावर आला, तोही हौसेनं नव्हे. वर्कशॉपची कंपनी झाली, कंपनी पिंपरीतनं उठून महाळुंग्याला गेली. अण्णासाहेब तळेगाव दाभाड्यात घर करून होते, त्यांना उलट सोयीचंच झालं. चाकण रस्त्यानं कंटेनरच्या रांगेत डुलत डुलत कंपनीची बस यायची. पण उभं राहून राहून कमरेचा मणका गेला. डॉक्टर म्हणाले, आता उभं राहायचं नाही, उचलायचं नाही, वाकायचं नाही. प्रेसशॉपमध्ये ह्या तीन गोष्टी सोडल्या तर माणसाला करायला उरतं काय? तेव्हा त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं. आलेल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद करायची, कुठला माल कुठल्या रॅकला जाणार ते टाकायचं.

स्टोअरचा प्रमुख होता शेखर. पस्तिशीचा, सरळ स्वभावाचा, पण सदा घाईत. चहासुद्धा चालता चालता पिणारा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "अण्णा, मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट यायचंय. तोवर बघू. जमलं तर रिटायर होईपर्यंत हे टेबल तुमचं. नाही जमलं, तर मला वर कळवावं लागेल."

वर कळवावं लागेल म्हणजे काय, हे अण्णासाहेबांना फोड करून सांगायची गरज नव्हती. हिशोब करायचा आणि घरी बसायचं. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. पैशाचं काही अडलं नव्हतं. मुलगी दीक्षा सांगवीला सीएच्या ऑफिसात लागली होती आणि घरात माणसं तीनच. पण आपली नोकरी आपण पुरी करायची, कुणी मधेच 'पुरे झालं' म्हणून उठवायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्या माणसानं मनाशी धरली होती. पंक्तीत ताटावरनं उठवलेला माणूस पोट भरलेलं असलं तरी कष्टी होतोच की.

डोकं चालत होतं. मालाची नावं पाठ होती, अक्षरं ओळखीची होती. कुरकुर केली ती हातानं. टेबल उंच, खुर्ची खाली. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं वैद्य नाडी बघतो ना, नेमकी तिथं टेबलाची कड रुतायची. दुपारनंतर अंगठ्यापासनं मधल्या बोटापर्यंत मुंग्या. संध्याकाळी बसमधनं उतरेपर्यंत हातात त्राण राहायचं नाही. घरी चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरायला लागले, तेव्हा प्रभावतीबाई म्हणाल्या, "आवं, डाय उचलायचात तवा कवा कण्हला न्हाईत. आता काय उचलताय?"

"उंदीर."

"मारता का पाळता?"

"उचलत न्हाई गं. नुसता सरकवायचा असतो. पन हात अधांतरी राहतो, नुसतं मनगट कडेला टेकतं, त्येचंच दुखनं हाय."

दीक्षानं ऐकलं आणि मोबाईलवरनं एक वस्तू मागवली. मनगटाखाली ठेवायची काळी, मऊ, आतून लिबलिबीत अशी पट्टी. सकाळी लोकल गाठायच्या गडबडीत तिनं खोकं पुढं केलं. "पप्पा, माऊससाठी पॅड आलंय. आजच घेऊन जा." आणि पळाली.

आता इथं जे झालं ते प्रेसशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाकडूनच व्हावं. पॅड म्हटल्यावर अण्णासाहेबांच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल? प्रेस मशीनच्या चारही पायांखाली हादरा खायला रबराचं जाड पॅड असतं, ते! आणि पोरगी म्हणाली होती, माऊससाठी. त्यांनी ती पट्टी व्यवस्थित टेबलावर मांडली, वर उंदीर बसवला आणि समाधानानं कामाला लागले.

उंदीर पट्टीवर डुगडुगायला लागला. पडद्यावरचा बाण एकदा इकडं, एकदा तिकडं. टिपायला जावं एका ओळीवर आणि टिपली जावी खालची. दुपारी फोर्कलिफ्टवाला ज्योतीराम घाम पुसत आला. हा बीडकडचा, तोंडानं फटकळ.

"अण्णा, जयभीम. ते रंगाचे ड्रम कुठं लपवलेत राव?"

"कसले ड्रम?"

"कॉम्प्युटरात लिहिलंय, सकाळी ड्रम आले. मी जेवायचं सोडून सगळं स्टोअर पालथं घातलं. ड्रम न्हाईत, पण नोंद नसलेली बोल्टाची खोकी मात्र सापडली. बोल्ट वितळवून रंग केला का काय?"

शेखर मागोमाग आलाच. त्यानं टेबल पाहिलं, पट्टीवर विराजमान झालेला उंदीर पाहिला.

"अण्णा, ते हाताखाली घ्यायचं असतं."

"हाताखाली?" अण्णासाहेब मनापासून चकित झाले. "साहेब, इतकी वर्षं मशीनखाली रबर घातलेलं बघितलं. मानसाखाली घालत्यात हे पयल्यांदा ऐकतोय."

ज्योतीराम फोर्कलिफ्टच्या चाकाला धरून हसला. शेखरही हसला, पण थोडंच. "चूक दुरुस्त करून घ्या," तो म्हणाला, "आणि अण्णा, ऑडिटच्या वेळी असं झालं तर मी काही करू शकणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून पट्टी हाताखाली आली. थंडगार लागायची, बरं वाटायचं. पण अण्णासाहेबांना टेकायचं म्हणजे टेकायचं, एवढंच ठाऊक. पहार टेकवावी तसा त्यांनी हात टेकवला. आठवडा गेला असेल नसेल, पट्टी एका बाजूनं फुटली आणि आतला निळा चिकट रस मालाच्या चलनांच्या गठ्ठ्यावर पसरला.

"पप्पा, त्याच्यावर एवढा जोर द्यायचा नसतो!" दीक्षा म्हणाली.

"मंग टेकू कशाला म्हनायचं त्येला? पाव्हणा म्हना. बसा म्हनायचं, पन टेकू नका म्हनायचं."

प्रभावतीबाई भाजी निवडत होत्या. निवडता निवडता थांबल्या आणि नवऱ्याचा हात त्यांनी उलटा करून पाहिला. मनगटावर लाल वळ होता. तसला वळ त्यांच्या ओळखीचा होता, फक्त तो त्यांनी कपाळाच्या वर, केसांच्या मुळाशी बघितलेला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या बांधकामावर जायच्या. कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि त्या शेडच्या पायात ओतलेलं काँक्रीट बायांच्या डोक्यावरनं घमेल्या-घमेल्यानं गेलं होतं. ज्या बाईची घमेल्याखालची कापडाची चुंबळ चांगली, ती दिवसभर चालायची. जिची ढिली, तिची मान दुपारीच जायची. एकदा मुकादमानं हटकलं होतं, "प्रभावती, चुंबळ वळत काय बसलीस, काम कर." तर ह्या म्हणाल्या होत्या, "मुकादम, रिकामं घमेलं तरी घटकाभर डोक्यावर घ्या उघड्यानं, मग बोलू." मुकादमानं घेतलं, पटकन उतरवलं आणि टोपी सारखी करत निघून गेला.

"चुंबळ करते तुमाला," त्या म्हणाल्या.

"कंपनीत चुंबळ? लोक हसतील."

"हसू द्या. डोस्क्याला लागती, तर मनगटाला का न्हाई लागायची? तुमचं मनगट काय जावई हाय व्हय, गादीच पायजे म्हनून?"

जुनं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. त्याची पट्टी फाडून त्यांनी पीळ दिला, गोल वळली आणि टोक आत खोचलं. पहिली चुंबळ हंड्याच्या बेतानं झाली, चांगली उंच. तिच्यावर हात ठेवला की बोटं अशी लोंबायची, की उंदीर खाली आणि पंजा वर, जशी काय घार पाळतीवर बसलीय. मग उकलून पुन्हा वळली, बारीक पिळाची, आणि पाट्याखाली दाबून ठेवली. चपटी, घट्ट, मधे भोक. मनगटाचा तो दुखरा भाग नेमका भोकावर यायचा. खाली काही रुतायला नाहीच. हात बाजूच्या मांसावर टेकलेला. अण्णासाहेबांनी बसल्या जागी चार वेळा हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "आता कसं, गुळाच्या ढेपेवर बसल्यासारखं वाटतंय." गुळाच्या ढेपेवर ते कधी बसले होते, कुणास ठाऊक!

दिवस सरकले. मुंग्या लगेच गेल्या नाहीत, पण दुपारऐवजी संध्याकाळी यायला लागल्या, मग एखाद्या संध्याकाळी यायलाच विसरल्या. कपबशी एका हातानं उचलली जाऊ लागली. आणि ड्रम हे ड्रमच्या ओळीत, बोल्ट हे बोल्टच्या ओळीत जायला लागले. ज्योतीरामला शोधत फिरण्यासारखं काही उरेना, तर तो येऊन नुसताच विचारायचा, "अण्णा, उंदीर खातोय का नीट?"

मग आलं ऑडिट. ऑडिटच्या आधी कंपनीत काय हलकल्लोळ होतो, ते लग्नघर पाहिलेल्यांना सांगायला नको. नियम असा, की प्रत्येक वस्तूला जागा हवी, जागेभोवती पिवळी पट्टी हवी आणि वस्तूला नावाची चिठ्ठी हवी. स्टेपलरभोवती पट्टी, त्यावर 'स्टेपलर'. कचऱ्याच्या डब्याभोवती पट्टी, त्यावर 'कचरा'. खांबाला टेकून घटकाभर उभा राहिला तर ज्योतीरामभोवतीही पट्टी मारतील, असं लोक म्हणायचे. आणि ज्याला नाव नाही, जागा नाही, ते उचलून बाहेर.

चुंबळीला नाव नव्हतं. सकाळी अण्णासाहेब आले, तर टेबल चकचकीत पुसलेलं, स्टेपलर पट्टीत, पंच पट्टीत, आणि चुंबळ गायब.

साफसफाईवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कापड होतं नव्हं? ते चिंध्यांच्या पिंपात टाकलं. कापड टेबलावर दिसाया नगं म्हणून सांगितलंय."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कारखान्यात कापडाचा तुकडा म्हणजे मशीन पुसायची चिंधी, दुसरं काय असणार? अण्णासाहेब प्रेसशॉपकडं गेले, पिंपाशी थांबले. कमरेला वाकायला मनाई. तरी एका हातानं कड धरून दुसरा हात आत घातला. ज्योतीरामनं लांबून पाहिलं आणि फोर्कलिफ्ट थांबवून आला.

"काय हरवलं अण्णा?"

"चुंबळ."

ज्योतीराम हसला नाही. "माझी आय अजून डोक्यावर पाणी आणती," एवढंच म्हणाला आणि कोपरापर्यंत हात घालून त्यानं शोधून काढली. एका अंगाला तेल लागलं होतं. वळण मात्र सुटलं नव्हतं.

आता अण्णासाहेबांचा स्वभाव असा, की स्वतःसाठी कुणाकडं काही मागितलेलं आठवत नाही. पगारवाढीच्या वेळीसुद्धा सगळे आत गेले आणि हे बाहेर चपला सांभाळत उभे, असं झालेलं. पण त्या दिवशी चुंबळ घेऊन ते थेट शेखरपुढं गेले.

"साहेब, ह्याला चिठ्ठी लावा. पट्टी मारा. मंग कुनी उचलनार न्हाई."

"काय आहे हे?"

"चुंबळ. हात टेकायला. पोरीनं आनलेली फुटली, ही बायकोनं वळलीय."

शेखर चुंबळीकडं पाहत राहिला. पहिल्यांदाच तो घाईत दिसला नाही. "अण्णा, चिठ्ठी लावली म्हणजे वस्तू टेबलाची झाली. पण टेबल कुणाचं, ते अजून ठरलेलं नाही."

"ते तुमी ठरवायचं," अण्णासाहेब म्हणाले. "पन ठरवायचंच हाय तर माझा हात टेकलेला असताना ठरवा. अधांतरी हाताचं काम बघून ठरवू नका, येवढंच."

 चिठ्ठी छापायचं छोटं मशीन शेखरनं पुढं ओढलं. त्यात अक्षरं फक्त इंग्रजी. तो एकेक दाबत गेला आणि मधेच थांबला. "ज्योतीराम, ह्यात एल एक का दोन?"

"मला काय विचारता साहेब, मी ती आजवर डोक्यावरच बघितली, कागदावर न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

एकाच एलवर भागलं. चिठ्ठी लागली, चुंबळीभोवती गोल पिवळी पट्टी आली. सगळ्या स्टोअरात तेवढीच एक पट्टी गोल. अण्णासाहेबांनी तेलाचं अंग खाली केलं.

ऑडिटवाली मंडळी आली, टेबलापाशी थांबली. स्टेपलर पट्टीत, पंच पट्टीत, चुंबळ पट्टीत; प्रत्येकावर नाव. एकानं चिठ्ठी वाचली, ओठ हलवले, मान डोलावली आणि मंडळी पुढं गेली. नियमानं वागणाऱ्या माणसाला नाव मिळालं की पुरे असतं. जाता जाता त्यांनी काढायला लावलेल्या नोंदी मात्र अण्णासाहेबांनी एकेक उघडून दाखवल्या आणि बाण एकदाही भलत्या ओळीवर गेला नाही.

पण ऑडिट संपलं तरी शेखर टेबलाचं काही बोलला नाही. अण्णासाहेबांनीही विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर वाईट आलं तर? न विचारलेलं बरं, म्हणून ते येत राहिले.

बुधवार आला. गुरुवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा चुंबळ घरी न्यावी, तेल धुऊन काढावं, असा त्यांनी बेत केला. खिशात घालून निघाले, तर फाटकावर नुकतीच सिक्युरिटीची टोपी घातलेल्या नव्या पोरानं खिसा तपासला.

"काका, ह्यावर कंपनीची चिठ्ठी आहे. गेटपास लागेल."

"आरं, माझ्या बायकोचं लुगडं हाय ते!"

"चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नाही."

बस हॉर्न देत होती. अण्णासाहेब उलट पावली स्टोअरमध्ये आले. शेखर निघायच्या तयारीत, बॅग खांद्यावर. ऐकून तो खाली बसला आणि गेटपास उघडला.

"परत येणारी वस्तू, का न येणारी?"

अण्णासाहेबांनी हातातली चुंबळ टेबलावर ठेवली.  "ते तुमीच सांगा साहेब," ते म्हणाले.

शेखरच्या लक्षात आलं. त्यानं बॅग खांद्यावरनं काढून ठेवली. "दर आठवड्याला धुवावी लागेल का हो ही?"

"घाम लागतो. धुवावी तर लागंल."

"मग दर वेळी पास कोण लिहीत बसणार? कायमचाच करतो. बुधवारी बाहेर, शुक्रवारी आत." तो लिहीत गेला. मुदतीच्या रकान्यापाशी आला, कॉम्प्युटरवर अण्णासाहेबांचं नाव काढलं, त्यांच्या निवृत्तीची तारीख वाचली आणि तीच तिथं टाकली. सही केली. "घ्या अण्णा. बस चुकेल."

बस चुकलीच. ज्योतीरामच्या मोटरसायकलवर मागं बसून ते तळेगावात आले, आणि वाटेत ज्योतीराम काय काय बोलला त्यातलं एक अक्षर त्यांना आठवत नाही.

घरी त्यांनी चुंबळ आणि पास दोन्ही प्रभावतीबाईंपुढं ठेवलं. दीक्षानं पास वाचून दाखवला.

"म्हंजे," प्रभावतीबाई म्हणाल्या, "माझ्याच लुगड्याला माझ्याच घरी यायला परवानगी?"

"व्हय. दर बुधवारी."

"कुठवर?"

"मी रिटायर होईस्तवर."

 प्रभावतीबाई चुंबळ उचलून मोरीत गेल्या, तेलाच्या डागावर साबण चोळला आणि पाणी ओतता ओतता आतूनच म्हणाल्या, "मंग येकीवर भागायचं न्हाई. दुसरी वळून ठेवते. कुठलं लुगडं फाडू, सांगा."